माधवरावांचा गार चहा

केंद्रावरची मीटिंग लवकर आटोपली म्हणून मी खुशीत परत येत होते, तर गारखेड्याच्या कोपऱ्यावरच आमच्या शाळेची पोरं दप्तरं पाठीला लावून समोरून येताना दिसली. दुपारचे दोन वाजले होते. आमची शाळा पाचला सुटते.

केंद्र म्हणजे आसपासच्या शाळा जिला जोडलेल्या असतात ती मुख्य शाळा. तिथं आम्हा शिक्षकांना अधूनमधून बोलावतात, चहा देतात आणि ऑनलाइन काय काय भरायचं राहिलंय ते सांगतात. एरवी ही मीटिंग संध्याकाळपर्यंत चालते. त्या दिवशी नेट गेलं आणि आम्ही सुटलो.

गेटवर आमचे शिपाई शेखमामू उभे होते. चेहरा पार पडलेला.

“मामू, शाळा का सुटली?”

“माधवराव गुजर गए ना, मॅडम,” मामू हळू आवाजात म्हणाले. “बहुत भले आदमी थे.”

“कोण माधवराव?”

मामूंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली. “आप पूछ रहे, मॅडम? सब पहचानते थे उनको.”

गेटजवळ आमचा मोठा फळा आहे. रोज त्यावर सुविचार, दिनविशेष आणि शाळेच्या बातम्या लिहायच्या, त्याला फलकलेखन म्हणतात. दर आठवड्याला एका वर्गाची पाळी. त्या दिवशी फळ्यावर सुविचार पुसलेला होता आणि त्या जागी जाड चौकटीत लिहिलं होतं: ‘आपल्या सर्वांचे लाडके माधवराव यांचे आज सकाळी दुःखद निधन झाले. भावपूर्ण श्रद्धांजली.’ कोपऱ्यात रंगीत खडूनं पणती काढलेली. अक्षर मोत्यासारखं. ते अक्षर जुनैदचं होतं, आणि जुनैद माझ्या चौथी ‘ब’ मधला.

आणि मग माझ्या लक्षात आलं. माधवरावांना मी चांगली ओळखत होते. त्या सकाळी पहिल्या तासाला मीच त्यांच्याबद्दल वाचून दाखवलं होतं. माधवराव एका कादंबरीतले होते.

आता हे जरा मागे जाऊन सांगायला हवं. दर शुक्रवारी पहिला तास मी वाचनाचा घेते. सुरुवातीला ससे, कोल्हे, चिमण्या असलं सगळं वाचून झालं. मुलं जांभया द्यायची. कोल्हा दिसला की समर्थ पहिल्या बाकावरून शेवट सांगून मोकळा व्हायचा. समर्थ फुलंब्रीहून रोज वडिलांच्या मोटारसायकलवर येतो, त्यामुळे त्याला आधीच झोप आलेली असते. मग एके दिवशी चिडून मी मोठ्यांची एक कादंबरी वर्गात नेली. जाडजूड, अवघड. पुरस्कार मिळालेली, म्हणजे विकत सगळ्यांनी घेतलेली आणि वाचलेली कुणी नाही. मुलांनी तिचं नाव ‘जाडं पुस्तक’ ठेवलं.

त्यात माधवराव नावाचे एक म्हातारे आहेत. शेजारच्याच घरात त्यांचा धाकटा भाऊ राहतो. मधे एक भिंत. दोघं वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि का बोलत नाहीत ते लेखक सांगतच नाही. माधवराव तर घराबाहेरही पडत नाहीत. मोठी माणसं अशा ठिकाणी पुस्तक मिटून ठेवतात. चौथी ‘ब’ला मात्र चैन पडेना.

वर्गाचे नियम दोनच. पहिला, मॅडम पुढचं सांगणार नाहीत. दुसरा, कुणीही काहीही म्हटलं की बाकीच्यांनी ओरडायचं, “पान दाखव!” पान दाखवता आलं तर ते फळ्यावर ‘पुरावा’खाली लिहायचं, नाही तर ‘अंदाज’खाली. आमच्या धंद्यात याला आकलन म्हणतात. म्हणजे जे लिहिलंय ते समजणं आणि जे लिहिलेलं नाही ते ओळखणं. पेपरात यावर प्रश्न असतो, त्यामुळे मुलं त्याचं उत्तर पाठ करतात.

मुख्याध्यापक देशपांडे सरांना हा प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. माणूस चांगला, पण तक्रारीला फार घाबरतो. “मॅडम, नऊ वर्षांची लेकरं आहेत हो,” ते म्हणाले होते. “शिष्यवृत्तीचा सराव घ्या त्या तासाला. एक जरी तक्रार आली ना, तर मी तास बंद करणार.” मी बरं म्हटलं आणि शुक्रवारी पुन्हा जाडं पुस्तक काढलं. त्या एका तासासाठी मी आठवडाभर बाकीच्या रटाळ कामांना सामोरी जात होते. तो गेला असता तर माझ्या नोकरीत फक्त माहिती भरणं उरलं असतं.

तर त्या शुक्रवारी आम्ही आलो एका प्रकरणाच्या शेवटी. शेवट असा: माधवरावांच्या खोलीत सुनेनं चहा आणून ठेवला. चहा निवला. त्यावर साय धरली. दुपारपर्यंत कुणी कप उचलला नाही. प्रकरण खलास.

“झोपले असतील,” समर्थ म्हणाला. झोपेबद्दल त्याला फार आपुलकी.

“पान दाखव!” वर्ग ओरडला.

“मोबाईल बघत बसले असतील,” मागून कुणीतरी.

“पुस्तकात मोबाईलच नाय! पान दाखव!”

मग ओवी उभी राहिली. ओवी बोलायला लागली की आमचे शिक्षक घड्याळाकडे बघतात, इतके प्रश्न असतात तिच्याकडे. “मॅडम, माझ्या आजोबांचा चहा जरा निवला तरी ते लई ओरडतात. माधवराव पण ओरडतात. तिसऱ्या प्रकरणात हाय. मी पान दाखवते.” तिनं दाखवलं. “आज ते ओरडले नाय. म्हणजे ते गेले.”

 मग कोपऱ्यातून एक हुंदका आला, मग दुसरा. जुनैदनं ‘पुरावा’खाली लिहिलं, ‘चहा. ओरडले नाहीत.’ मोठमोठ्या समीक्षकांना जे सुचलं नसतं ते या पोरीनं आजोबांच्या चहावरून काढलं होतं. मला भारी अभिमान वाटला. माधवराव गेले की नाही ते मला ठाऊक होतं, पण नियम म्हणजे नियम. “पुढच्या शुक्रवारी बघू,” असं म्हणून मी केंद्रावर निघून गेले.

आणि त्या आठवड्यात फलकलेखनाची पाळी चौथी ‘ब’ची होती. माणूस गेला की फळ्यावर लिहायचं, हे मुलांना शाळेनंच शिकवलेलं. छोट्या सुट्टीत त्यांनी आपलं कर्तव्य केलं.

पुढचं मला देशपांडे सरांच्या ऑफिसात कळलं. मी आत गेले तेव्हा सर कपाळाला हात लावून बसले होते आणि समोर संस्थेचे सचिव, जगदाळे अण्णा. अण्णांची गंगापूरकडं उसाची शेती आहे, शाळेत ते महिन्यातून एकदा येतात. त्या दिवशी पाण्याच्या टाकीचं काम बघायला आले होते.

“या मॅडम,” सर म्हणाले. “फार वाईट झालं. आम्ही लगेच शोकसभा घेतली.”

“सर, माधवराव कोण ते तुम्हाला माहितीय का?”

सरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी सरांकडे पाहिलं. झालं होतं ते एवढंच. अण्णांनी फळा वाचला आणि विचारलं, “कधी गेले?” सरांना वाटलं, अण्णांच्या जवळचे कुणी असणार. ते म्हणाले, “आज सकाळीच.” अण्णांना वाटलं, सरांना सगळी माहिती आहे, म्हणजे संस्थेचेच कुणी जुने असणार. गेलेल्या माणसाला आपण ओळखत नव्हतो, हे आपल्याकडे कुणी कबूल करत नाही. ते मयताच्या घरी जाऊन चहा मागण्यासारखं आहे. तेव्हा दोघांनी माना हलवल्या, मामूंनी घंटा दिली आणि अख्खी शाळा मैदानात दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिली.

कुणाला थोडी शंका असेल तर तीही तिथं फिटली, कारण चौथी ‘ब’ची निम्मी मुलं खरोखर रडत होती.

“सर, अण्णा,” मी म्हटलं, “माधवराव कादंबरीतले आहेत.”

“कुठल्या गावचे?” अण्णांनी विचारलं.

“कादंबरीतले. पुस्तकातले. मी मुलांना वाचून दाखवते ते.”

 मग सर एकदम ओरडले, “पण अण्णांनी भाषण केलंय हो!”

भाषणही साधंसुधं नव्हतं. सातवीच्या मॅडमनी मला नंतर सविस्तर सांगितलं. अण्णा म्हणाले होते, माधवराव म्हणजे या संस्थेचा खांब. माझ्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. या मैदानातलं कडुलिंबाचं झाड त्यांनीच लावलं. शेवटी अण्णांनी चष्मा काढून रुमाल डोळ्यांना लावला होता आणि मग शाळा सोडायला सांगितली होती.

अण्णांचा चेहरा आधी पांढरा झाला आणि मग लाल. “बंद करा तो तास! आत्ताच्या आत्ता! व्हय की नाय, सर?”

“मी तर पहिल्यापासून म्हणतोय, अण्णा,” सर म्हणाले.

आता मीही काही कमी नाही. माझ्या सासूबाई म्हणतात, हिच्या जिभेला शाळेतही हाड नाही. “बंद करा ना,” मी म्हटलं. “पण पालक विचारतील का बंद केला. मग मला खरं सांगावं लागेल.”

“पालकांना काय कळतंय?”

मी पर्समधून फोन काढला आणि चौथी ‘ब’च्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून टेबलावर ठेवला. कुणीतरी गेटवरच्या फळ्याचा फोटो टाकला होता. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांगच लागलेली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘संस्थेची न भरून येणारी हानी.’ ‘देवमाणूस गेला.’ निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतल्या एका पालकांनी लिहिलं होतं, ‘साहेबांचा फोटो पाठवा, चौकात बॅनर लावतो.’ आणि समर्थच्या वडिलांनी: ‘विश्वास बसत नाही. परवाच मोंढ्याच्या बाजारात भेट झाली. तब्येत ठणठणीत होती.’

अण्णांनी ते सगळं खालीवर दोनदा वाचलं. एकटे आपणच फसलो नाही हे बघून त्यांना जरा धीर आला असावा. फोन परत देताना ते हळूच म्हणाले, “मॅडम, खरं सांगा. गेले का ते?”

“कोण?”

“माधवराव हो.”

“ते सांगता येत नाही, अण्णा. वर्गाचा नियम आहे. पुढच्या शुक्रवारी कळेल.”

“मी सचिव हाय!”

“तुम्हीही या की वर्गात. तास बघा आणि मग बंद करायचा की चालू ठेवायचा ते ठरवा.”

तोपर्यंत सरांनी आपलं काम केलं. अर्धा दिवस शाळा बुडाली होती, ती भरून काढायला पुढच्या शनिवारी पूर्ण दिवस शाळा. तशी नोटीस लागली आणि सगळ्या शाळेनं फळा लिहिणाऱ्या चौथी ‘ब’कडे रागानं पाहिलं. ओवी मात्र ठाम होती. माणूस गेलाय तर शाळा सुटणारच, त्यात चूक काय, असं तिचं म्हणणं.

तो आठवडा मला फार जड गेला. रोज स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी तोंड पाडून विचारायचं, “माधवरावांच्या घरी कुणी जाऊन आलं का?” मी चहा पीत राहायचे. देशपांडे सरांनी शिष्यवृत्तीच्या सरावाची पुस्तकं आधीच मागवून माझ्या टेबलावर ठेवून दिली होती. त्यांच्या लेखी माझा तासही माधवरावांबरोबरच गेला होता.

शुक्रवारी अण्णा खरंच आले. पांढरे कपडे, पायात करकरणाऱ्या चपला, मागोमाग देशपांडे सर. वर्गात खुर्ची एकच, म्हणून अण्णा समर्थच्या शेजारी बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. मी पुस्तक उघडणार तोच ओवीनं हात वर केला.

“मॅडम, आधी मला अण्णांना एक विचारायचंय.”

 सर डोळे मिटून उभे राहिले.

“अण्णा, तुम्ही मैदानात म्हणालात, माधवराव तुमच्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. पण पुस्तकात तर ते घराच्या बाहेर पडतच नाय. मग ते कधी बसले?”

अण्णांनी घसा साफ केला. “ते... आधीचं हाय बाळा. लई आधीचं.”

आणि माझी सगळी चौथी ‘ब’, शेवटच्या बाकापर्यंत, एका सुरात ओरडली, “पान दाखवा!”

निदान ‘दाखवा’ म्हणाली, एवढा शिष्टाचार मी शिकवला होता. माझा तास गेला, मी मनात म्हटलं. अण्णा लालेलाल झाले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समर्थनं मदत म्हणून आपली पाण्याची बाटली पुढे केली. अण्णा घोटभर पाणी प्याले आणि म्हणाले, “पान नाय माझ्याकडं. मी आपलं अंदाजानं बोललो.”

“आणि कडुलिंबाचं झाड?”

“ते पण अंदाजानं.”

“मग ठीक आहे,” ओवी म्हणाली. “अंदाज करायला बंदी नाय. फक्त वेगळा लिहायचा.” जुनैद उठला आणि फळ्यावर ‘अंदाज’खाली त्यानं सुबक अक्षरात लिहिलं: ‘१. अण्णांच्या वडिलांची मांडी. २. कडुलिंब.’ अण्णा ते वाचत राहिले आणि मग हसायला लागले. बाक हलायला लागलं इतके हसले. “पन्नास ठिकाणी अशी भाषणं केली असतील मी,” ते म्हणाले. “आजवर कुणी पान नाय मागितलं. वाचा, मॅडम. काय झालं त्या म्हाताऱ्याचं?”

मी वाचायला लागले. दुपारी सून कप उचलायला येते. खोली रिकामी. अंथरूण नीट घडी केलेलं. ती घाबरते, मागच्या दाराला येते, तर भिंतीपलीकडून माणसांचा आवाज. धाकट्या भावाच्या ओट्यावर माधवराव बसलेले असतात. भाऊ त्यांना म्हणतो, “चहा निवला असेल तिकडं तुझा.” माधवराव म्हणतात, “निवू दे. तू टाक.”

मी हे पान आधी कितीदा वाचलंय. त्या दिवशी वर्गासमोर मात्र मी शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.  मग वर्गानं जो कल्ला केला तो मामू गेटवरून धावत आले इतका मोठा होता.

“क्या हुआ?”

“मामू, माधवराव जिंदा है!” जुनैद ओरडला.

“या अल्लाह,” मामू म्हणाले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले.

ओवी एकटी बाकावर बसून होती. “म्हणजे माझा पुरावा चुकला,” ती म्हणाली. “आणि आपण उगीच रडलो.”

“पुरावा बरोबर होता,” जुनैद म्हणाला. “ते ओरडलेच नाय. पण ते घरात नव्हते, हे आपल्या डोक्यात आलं नाय. आणि रडलो म्हणून तर आता एवढं भारी वाटतंय.” कादंबरीवर मी पुष्कळ परिसंवाद ऐकलेत, भत्ता घेऊन ऐकलेत. यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही.

समर्थची काळजी निराळीच होती. “मॅडम, ते गेलेच नाय तर मग उद्याची शनिवारची शाळा कॅन्सल ना?”

“उलट,” देशपांडे सर म्हणाले. “गेले नाहीत म्हणजे सुट्टी विनाकारणच दिली.”

“मग गेले असंच धरा, सर!” समर्थ कळवळून म्हणाला. त्यावर मतदान झालं. माधवराव जिवंत राहावेत आणि शनिवारी शाळा भरावी, या बाजूनं समर्थ सोडून सगळ्यांनी हात वर केले. अण्णांनीसुद्धा केला.

तास बंद झाला नाही. जाताना अण्णा सरांना एवढंच म्हणाले, “हा तास राहू द्या. पण फळ्यावर काही लिहायच्या आधी मॅडमची सही.” सरांनी मान हलवली आणि सरावाची पुस्तकं पाचवीच्या वर्गाला देऊन टाकली. अण्णांनी मला बाजूला घेऊन आणखी एक विनंती केली, की ही गोष्ट वर्गाबाहेर जायला नको.

पण सहीची पद्धत सोमवारपासून सुरू होणार होती, आणि छोटी सुट्टी त्याआधी झाली. पाळी दुसऱ्या वर्गाची असूनही जुनैदनं गेटजवळच्या फळ्यावर झेंडूची फुलं काढून लिहिलं: ‘कळविण्यास आनंद होतो की माधवराव सुखरूप आहेत. श्रद्धांजली परत घ्यावी.’ त्याचा फोटो दहा मिनिटांत पालकांच्या ग्रुपवर. मी लगेच फोन उघडला. आता कुणीतरी विचारणारच, हे माधवराव आहेत तरी कोण?

कुणी विचारलं नाही. ‘अभिनंदन.’ ‘देवाची कृपा.’ ‘हार्दिक अभिनंदन साहेब.’ बॅनरवाल्यांनी लिहिलं, ‘फोटो पाठवा, सत्काराचा बॅनर लावतो.’ आणि सगळ्यात खाली समर्थचे वडील: ‘मी तेव्हाच म्हटलं होतं, तब्येत ठणठणीत होती.’

अवघड पुस्तकं लहान मुलांना झेपत नाहीत, असं मला अजूनही केंद्रावर सांगतात. मी वाद घालत नाही. आमच्या पोरांनी पान मागितलं, पान मिळालं तसं मत बदललं आणि वरून ती शनिवारी शाळेत येऊन बसली. मोठ्यांना माझं सांगणं एवढंच आहे, की श्रद्धांजली वाहायच्या आधी पुढचं प्रकरण वाचून घेत जा.